बिडाचा तवा आणि पाच वर्षांचा होकार

हेमचंद्र पेडणेकर जहाजाच्या इंजिनावर देवमाणूस होता, यात कुणाला शंका नव्हती. पण देवमाणसालाही स्वयंपाकघरात मोकळं सोडू नये, हे त्याच्या घरच्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तेलवाहू जहाजावर तो सेकंड इंजिनिअर. वर्षातले सात-आठ महिने पाण्यावर, उरलेले परदेशातल्या सेम्बावांग ह्या उपनगरातल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. रजेवर आला की पहिले दोन दिवस झोपायचा आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्या हातांना खाज सुटायची. जहाजावर प्रत्येक यंत्राच्या देखभालीचा तक्ता असतो. तसाच एक त्याने घरी फ्रिजवर चिकटवला होता. एसीची जाळी, नळाचे वायसर, जाईच्या सायकलची चेन, सगळ्यांपुढे तारखा आणि खुणा. त्याची बायको शैला त्या तक्त्याला 'आमचं कुलदैवत' म्हणायची आणि येता-जाता खोटा नमस्कार करायची. अकरा वर्षांची जाई तेवढ्यावर खुसूखुसू हसायची. एकूण घर सुखात होतं.

मग तो रविवार आला. शैला आणि जाई पोहण्याच्या क्लासला गेल्या होत्या. तक्त्यावरचं त्या तारखेपर्यंतचं सगळं करून झालं होतं. हेमचंद्र स्वयंपाकघरात उभा राहून करण्यासारखं काही उरलंय का बघत होता आणि त्याची नजर गॅसवरच्या तव्यावर गेली. बिडाचा जाडजूड तवा, काळाकुट्ट, कडेने खरपुड्या धरलेला.

"अरे बाप रे," तो स्वतःशीच म्हणाला, "केवढा हा कार्बन!"

पिस्टनवर असला थर दिसला असता तर चीफ इंजिनिअरने त्याला बोटीवरून खाली उतरवलं असतं. झालं. गड्याने ड्रिलला तारेचा ब्रश जोडला, कसलीशी जळजळीत पेस्ट काढली, तोंडाला फडकं बांधलं आणि वॉशिंग मशीनशेजारी बसून तीन तास तो तवा घासला. शेवटी तवा असा निघाला की त्यात तोंड बघून घ्यावं. हेमचंद्रने तो पुसला आणि जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीला टेकवून उभा केला, शाळेतली ढाल ठेवतात तसा. मग हातपाय धुऊन शाबासकीची वाट बघत बसला.

शैला आत आली, थबकली. "हा कुणाचा तवा?"

"आपलाच! नाही ना ओळखू आला?" हेमचंद्रची छाती दोन इंच फुगलेली.

आता तो तवा कुठला, हे सांगितलं पाहिजे. शैलाचे वडील सेम्बावांगच्या गोदीत फिटर होते. त्यांचं लग्न होऊन शैलाची आई, जयवंतीबाई, वेंगुर्ल्याहून इथे आली तेव्हा तिच्या ट्रंकेत चार लुगडी होती आणि हा तवा. पंचेचाळीस वर्षं त्या तव्यावर दुसरं काही शिजलं नाही, फक्त घावन आणि आंबोळी. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, पीठ ओतायचं, की घावन आपोआप सुटून वर यायचं, जाळीदार, पांढरंशुभ्र. त्यावरची ती काळी कातडी म्हणजे पंचेचाळीस वर्षांचं तेल होतं, एकावर एक बसलेलं. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शैलाने आईच्या घरातून दागिने नंतर आणले, तवा आधी आणला.

"तू आईचा तवा घासलास," ती म्हणाली. आवाज अगदी खाली.

इथे शहाण्या माणसाने पाय धरले असते. आमचा शहाणा म्हणाला, "अगं, नुसता कार्बन होता तो. आणि एवढं काय त्यात? लोखंडाचा तुकडा. उद्या लिटल इंडियाच्या बाजारातून नवा आणू."

शैला रडली असती तर बरं झालं असतं. भांडली असती तर त्याहून बरं. ती काहीच बोलली नाही. तवा उचलून तिने कपाटात सगळ्यात खाली ठेवला, कपाट बंद केलं आणि त्या क्षणापासून घरात अबोला सुरू झाला.

अबोल्याचेही नियम असतात. जेवण वेळेवर मिळतं, कपडे धुऊन मिळतात, फक्त शब्द मिळत नाही. बोलायचं ते पोराच्या मार्फत. जाईला ही नोकरी सोमवारी सकाळी लागली आणि तिने ती फार आनंदाने केली, वाक्याच्या शेवटी इथल्या बोलीतलं 'लाह' लावून.

"जाई, बाबांना सांग, चहा झालाय."

"बाबा, टी रेडी लाह."

"आईला सांग, साखर कमी आहे."

"आई, बाबा कम्प्लेनिंग."

"मी कुठे कम्प्लेन केली?" हेमचंद्र दचकून म्हणाला, तेव्हा जाईने खांदे उडवले. भाषांतरात एवढं चालतंच, असा तिचा आविर्भाव होता.

एरवी हा अबोला त्याने मजेत काढला असता. सोळा वर्षांच्या संसारात चार-पाच झाले होते, आले तसे गेले होते. पण ह्या वेळी घोडं भलत्याच ठिकाणी अडलं.

सोमवारी संध्याकाळी तक्त्यासमोर उभं असताना त्याचं लक्ष सगळ्यात खालच्या ओळीवर गेलं. 'रीएंट्री परमिट, नूतनीकरण.' पुढे त्याच्याच अक्षरात, 'रजेचा शेवटचा आठवडा.' जहाजाचं एकेक सर्टिफिकेट मुदतीच्या आधी महिनाभर तयार ठेवणारा माणूस, आणि स्वतःचा कागद शेवटच्या आठवड्यावर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? शनिवारी त्याचं विमान होतं. फुजैरा बंदरात जहाज पकडायचं, मग चार महिने समुद्र. आणि परमिट संपत होतं पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला.

शैला इथेच जन्मलेली, इथली नागरिक. हेमचंद्र देवगडचा. तिच्याशी लग्न झालं म्हणून त्याला पीआर मिळालं, म्हणजे इथे कायमचं राहायची मुभा. पण त्या 'कायमचं' शब्दाला एक शेपूट आहे. देशाबाहेर जाऊन परत यायचं तर हे परमिट जिवंत लागतं, आणि ते दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. माणूस बाहेर आणि परमिट संपलेलं, असं झालं की पीआर हातचं गेलं म्हणून समजा. घरी बसणाऱ्याला एक वेळ विसरून चालेल. ज्याची भाकरीच समुद्रावर, त्याने काय करावं?

त्याने घाईघाईने लॅपटॉप उघडून आपला भाग भरला. शेवटच्या पानावर आलं, 'जोडीदाराच्या होकाराची प्रतीक्षा.' नागरिक असलेल्या नवऱ्याने किंवा बायकोने आपल्या लॉगिनमधून होय म्हणायचं, मग अर्ज पुढे सरकणार. एक बटण. शैलाच्या फोनवर निरोप गेलेला दिसत होता.

"जाई, आईला सांग, तेवढं क्लिक करून टाक म्हणावं."

जाई आत गेली. बराच वेळ आत कुजबूज झाली. मग ती दारात येऊन उभी राहिली, आणि ह्या वेळी तिचा चेहरा गंभीर होता.

"आई म्हणते, विचार करतेय."

"विचार? कसला विचार?"

"आय डोन्ट नो. शी सेड, विचार करतेय. डोन्ट पुश लाह, बाबा."

मंगळवारी त्याने दर तासाला ते पान उघडून पाहिलं. प्रतीक्षा. बुधवारी सकाळी पुन्हा. प्रतीक्षा. हिशोब सरळ होता. होकार गेल्यावर वरून मंजुरी यायला एक दिवस तरी हवा, आणि भर समुद्रात त्यांनी एखादा कागद मागितला तर द्यायला नेट नाही. म्हणजे गुरुवारी शैलाचं बोट त्या बटणावर पडलं नाही, तर शनिवारी एक तर जहाज सोडायचं, नाही तर पीआर सोडायचं.

त्याला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हा पीआर नव्हतं. चार महिने समुद्रावर काढून तो चांगी विमानतळावर उतरायचा आणि पाहुण्यांच्या लांबलचक रांगेत उभा राहायचा. खिडकीतला माणूस विचारायचा, किती दिवस राहणार? पलीकडे काचेआड नवी नवरी हात हलवत उभी, आणि हा सांगायचा, तीस दिवस. स्वतःच्या बायकोच्या घरी तीस दिवसांचा पाहुणा! पीआर झालं त्या दिवसापासून रांग संपली. यंत्रासमोर उभं राहायचं, काचेचं दार आपोआप सरकायचं, आणि समोर शैला. पुढे पुढे शैलाच्या कडेवर जाई. मग शैलाच्या पुढे धावत येणारी जाई. चार महिने इंजिनाच्या उष्म्यात तो त्या सरकणाऱ्या दाराची वाट बघत काढायचा. ते दार बंद होईल, ह्या विचाराने त्याचा जीव खरंच घाबराघुबरा झाला.

पण 'क्लिक कर गं बाई' असं तोंडाने जाऊन म्हणेल तर तो पेडणेकर कसला! त्याच्या इंजिनिअरी डोक्याने निदान केलं. बिघाड कुठे? तव्यात. मग तवा दुरुस्त करा, बटण आपोआप दाबलं जाईल. शैला कामावर आणि जाई शाळेत गेल्यावर त्याने कपाटातून तवा काढला, टॉवेलात गुंडाळला आणि तडक हॉकर सेंटर, म्हणजे इथला खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार, गाठलं.

तिथे लिम अंकलचा नूडल्सचा स्टॉल होता. सत्तरीचा म्हातारा, गळ्यात पंचा, आणि समोर त्याची ती प्रचंड लोखंडी कढई, डांबरासारखी काळी. हेमचंद्र रजेवर असला की आठवड्यातून दोनदा तिथे जेवायचा. त्याने टॉवेल उलगडला. लिम अंकलने तवा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हू डू धिस?"

"मी."

"वाइफ्स पॅन?"

"तिच्या आईचा."

"आय्यो," अंकल म्हणाला, "जालात लाह." इथल्या बोलीत ह्याचा अर्थ, कल्याण झालं तुझं. शेजारच्या ज्यूसवाल्या बाईलाही त्याने तो तवा दाखवला. तिनेही कपाळाला हात लावला.

दुपारची गर्दी ओसरली तसा अंकलने तवा मोठ्या जाळावर चढवला आणि डब्यातून पांढऱ्या चरबीचा गोळा काढला.

"नो नो नो!" हेमचंद्र जवळजवळ त्याच्या अंगावर पडला. "अंकल, डुक्कर नको! सासूबाई वरून बघतायत!"

अंकल खो खो हसला. मग साधं तेल घेतलं. बोटभर तेल, फडक्याने पुसायचं, जाळायचं, परत तेल, परत पुसायचं. धूर, ठसका, घाम. हेमचंद्र प्रत्येक पायरी मनातल्या मनात तक्त्यात लिहून घेत होता. तासाभराने तवा करडा झाला, मग तपकिरी, मग कुठे काळा, कुठे ठिपक्याठिपक्यांचा.

"आता झाला का?" त्याने विचारलं.

"कुठला झाला!" अशा अर्थाचं काहीतरी अंकल चिनी भाषेत पुटपुटला. मग त्याने इंग्रजीत समजावलं. ही नुसती सुरुवात. रोज चूल पेटव, रोज तेल लाव, रोज काहीतरी शिजव. घाई कॅनॉट. माझ्या कढईला तीस वर्षं झाली, आजही घरी जायच्या आधी तिला तेल लावतो. तवा परत टॉवेलात गुंडाळताना त्याने सहज विचारलं, "वाइफला सॉरी म्हणालास?"

हेमचंद्रने त्याच्या हातातून गाठोडं घेतलं.

"फर्स्ट पॅन, देन वाइफ?" म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की बस्स. "यू इंजिनिअर, आह?"

गुरुवारी दुपारी घरी कुणी नसताना हेमचंद्रने तांदळाचं पीठ कालवलं. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवला. पहिलं घावन चिकटलं, ते समजण्यासारखं होतं. दुसरंही चिकटलं. तिसऱ्याचे तुकडे झाले, चौथ्याचा लगदा. त्याने आच कमी केली, पीठ पातळ केलं, तेल वाढवलं, कॅलिपर काढून थराची जाडी मोजायचं तेवढं बाकी ठेवलं. नवव्या घावनाचा अर्धा भाग सुटून आला आणि अर्धा तव्यालाच राहिला. तो ते फाटके तुकडे उभ्या उभ्या खात राहिला.

खाता खाता त्याला जयवंतीबाई आठवल्या. लग्न ठरायच्या आधी तो पहिल्यांदा त्यांच्याकडे आला, तेव्हा बाईंनी काही विचारलं नव्हतं, पगार नाही, घर नाही, काही नाही. ह्याच तव्यावरची घावनं एकामागून एक त्याच्या ताटात टाकली, वर नारळाचा रस. सातव्या घावनाला तो नको नको म्हणाला तेव्हा बाई म्हणाल्या, "मी वाढतेय ते खाऊन घे. पण पुढच्या वेळी मागून खा. न मागता मिळालेलं माणूस विसरतो रे." तेव्हा तो हसला होता. आज त्याने हातातला तुकडा परत ताटात ठेवला.

गेल्या दोन्ही वेळा परमिट शैलानेच करून दिलं होतं. एकदा तो जहाजावर निघायच्या गडबडीत होता, बॅग भरता भरता म्हणाला होता, ते बघ जरा. दुसऱ्यांदा टीव्ही बघत म्हणाला होता, ते क्लिक करून टाक. गॅस सिलिंडरचा नंबर लावावा, तसं. ह्या वेळी तर पोरीच्या हाती निरोप. पंधरा वर्षं ही बाई त्याला आपल्या देशात, आपल्या घरात ठेवून घेत होती, आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं, ठेवशील का? वर तिच्या आईच्या तव्याला लोखंडाचा तुकडा म्हणाला. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

घड्याळात सात वाजून गेले होते. तेल संपलं होतं. उरलेल्या तुकड्यांवर ताट झाकून तो चपला सरकवून खालच्या दुकानात गेला. तेलाची बाटली घेऊन लिफ्टने वर आला तो लिफ्टमधूनच त्याला हसण्याचा आवाज आला. शैलाचं हसणं. चार दिवसांत पहिल्यांदा. ताट उघडलेलं दिसतंय, त्याच्या लक्षात आलं.

दार उघडं होतं आणि दारात जाई उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

"कॅनॉट कम इन," ती म्हणाली.

"जाई, बाजूला हो. महत्त्वाचं काम आहे."

"आई म्हणते, आत यायचं तर नाव घ्यायचं."

गेल्या वर्षी वेंगुर्ल्याला मामेबहिणीच्या लग्नात जाईने दार अडवणाऱ्या पोरींत पहिला नंबर लावला होता आणि नवऱ्याकडून सगळ्यांना आइस्क्रीम वसूल केलं होतं. तेव्हापासून दार अडवायला ती टपलेलीच होती. हेमचंद्रने तिच्या डोक्यावरून आत पाहिलं. शैला स्वयंपाकघराच्या तोंडाशी पाठ करून उभी होती. खांदे हलत होते.

"जाई," शैला भिंतीकडे बघत म्हणाली, "सांग त्यांना. आत यायचा परवाना असाच मिळत नाही."

आता आली का पंचाईत! स्वतःच्या लग्नात त्याने उखाणा तळहातावर लिहून नेला होता, घामाने शाई पसरली आणि ऐन वेळी आत्येने मागून सांगितलं म्हणून अब्रू वाचली. समोरच्या फ्लॅटमधली मलाय मावशी झाडांना पाणी घालायला बाहेर आली होती, ती पाणी घालायचं विसरून बघत उभी राहिली.

"चांदीच्या ताटात..." त्याने सुरुवात केली.

"चीटिंग!" जाई ओरडली. "दॅट वन एव्हरीबडी से. नवीन पाहिजे."

हेमचंद्रने तेलाची बाटली खाली ठेवली. कपाळ पुसलं. जहाजाचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं तेव्हाही त्याला एवढा घाम आला नव्हता. मग तो एकेक शब्द शोधत, सावकाश म्हणाला:

"पिस्टनचा कार्बन काढावा, तव्याचा नसतो काढायचा;
शैलाला विचारतो दारातून, परवाना पाच वर्षं वाढवायचा?"

मलाय मावशीला काही कळलं नव्हतं, तरी तिने टाळ्या वाजवल्या.

शैला वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही. ती दारापर्यंत आली आणि जाईच्या डोक्यावरून थेट त्याच्याशी बोलली. "नीट विचार. उखाण्यात नको. साध्या शब्दांत."

"शैला, मी चुकलो," तो म्हणाला. "तव्याचं चुकलो, आणि बोललो त्याचं जास्त चुकलो. मला हे घर सोडून दुसरीकडे कुठे परत यायचं नाहीये. मला ठेवून घेशील का?"

"सोळा वर्षं लागली तुला हे विचारायला," शैला म्हणाली. "गाढवा."

गाढवा म्हणाली म्हणजे अबोला सुटला. जाईने एक हात काढला, मग दुसरा. "आइस्क्रीम आफ्टर डिनर, आह," तिने बापाला बजावलं.

पण बटण? बटणाचं काय? हेमचंद्रचे डोळे तिच्या फोनकडे लागले होते आणि शैलाने मात्र पदर खोचावा तशा टी-शर्टच्या बाह्या वर सारल्या आणि सरळ पिठात हात घातला. "किती जाड कालवलंयस हे! लापशी करायची होती का?" तिने पाणी घातलं, मीठ चाखलं, तवा तापवला, कांदा फिरवला. तिचंही पहिलं घावन चिकटलं. हेमचंद्रला, खोटं कशाला सांगा, थोडं बरं वाटलं.

"असं कसं गं, तुझ्याही हातून?"

"तव्याला विचार, त्याने ओळखायला पाहिजे ना आता मला पुन्हा," ती म्हणाली आणि दुसरं ओतलं. दुसरं कडेने सुटलं. तिसरं तिने उलथन्याने अलगद धरलं आणि ते अख्खंच्या अख्खं वर आलं. जाळी नीट नव्हती, मधे एक डाग होता, पण होतं घावन. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"शैला," तो शेवटी न राहवून म्हणाला, "ते बटण..."

"हात पिठाचे आहेत. खा आधी."

तेवढ्यात ओट्यावरचा तिचा फोन वाजायला लागला. आठ वाजले होते.

"बघ रे काय आहे ते," ती तव्याकडे बघतच म्हणाली, आणि लगेच दचकून म्हणाली, "थांब, थांब, नको बघूस!"

पण हेमचंद्रने बघितलं होतं. तिने लावून ठेवलेली आठवण पडद्यावर उजळली होती. गुरुवार, रात्री आठ. खाली एकच ओळ: 'विचारलं नाही, तरी क्लिक करणे.'

फोन हातात धरून तो तसाच उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. शैलाने करंगळी टी-शर्टला पुसली, त्याच्या हातातल्या फोनवर दोन-तीनदा टेकवली आणि म्हणाली, "झालं. आता तो फोन ठेव आणि कांदा चीर. हा संपला."

शुक्रवारी दुपारी मंजुरी आली. आणखी पाच वर्षं.

शनिवारी निघायच्या आधी बॅगा दाराशी लावून हेमचंद्र पेन घेऊन तक्त्यासमोर गेला. 'रीएंट्री परमिट' वर त्याने काट मारली. खाली नवी ओळ आखली. काम ह्या रकान्यात लिहिलं, 'शैलाला विचारणे.' मुदत ह्या रकान्यात लिहिलं, 'दर पाच वर्षांनी.' शैला मागून बघत होती. तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं, 'पाच वर्षांनी' खोडून तिथे 'रजेला' केलं आणि त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली, 'तवा: हात लावू नये.'

"मंजूर," हेमचंद्र म्हणाला आणि त्याने तक्त्याला खराखुरा नमस्कार केला.

जाई परत दार अडवून उभी होती. ह्या वेळी उखाण्यासाठी नव्हे, नुसतीच. त्याने बॅग खांद्याला लावली, शैलाकडे बघितलं आणि म्हणाला, "येतो."

"ये," शैला म्हणाली, तेव्हा जाईने दारातून हात काढले.